जुना हॅम रिसीव्हर घ्यावा कसा, बोलता करावा कसा

व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे, सेट जमवायला लागलेल्या माणसाचं पहिलं नुकसान बहुधा एकाच घाईमुळे होतं. सेट घरी येतो, धूळ झटकली जाते आणि ‘चालतोय का बघू या’ म्हणून प्लग लावला जातो. पन्नास-साठ वर्षं पडून राहिलेल्या सेटमधले कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तोवर बाद झालेले असतात. त्यातला एक जरी शॉर्ट असला, तरी सगळा भार मेन्स ट्रान्सफॉर्मरवर किंवा एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हवर येतो. कंडेन्सर काही रुपयांत मिळतो. त्या मॉडेलचा ट्रान्सफॉर्मर मात्र आज कुणी बनवत नाही, तो मुद्दाम गुंडाळून घ्यावा लागतो. तेव्हा या लेखात प्लग लावायची वेळ बरीच उशिरा येईल. तोपर्यंतचं काम कंटाळवाणं वाटलं, तर हा छंद आपला नाही असं खुशाल समजा.

पहिला सेट कोणता?

रिसीव्हर. ट्रान्समीटर नको, ऐकणं-बोलणं दोन्ही करणारा ट्रान्सीव्हरही नको.

एक तर कायद्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे ट्रान्समीटर जवळ बाळगायला आणि चालवायला परवाना लागतो. हौशी रेडिओचा परवाना केंद्राच्या दळणवळण मंत्रालयाखालची डब्ल्यूपीसी ही शाखा परीक्षा घेऊन देते. वयाची अट १२ वर्षांची आहे, श्रेणी दोन: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. व्हीयू३ आणि व्हीयू२ ने सुरू होणारे कॉल साइन तुम्ही ऐकले असतील, ते याच दोन श्रेणींचे. परवाना काढाच, पण तो हातात येईपर्यंत बसून राहण्याची गरज नाही. रिसीव्हरवर शिकण्यासारखं भरपूर आहे.

दुसरं कारण जिवाचं. रिसीव्हरमध्ये साधारण २५० व्होल्ट डीसी खेळतात. माणूस मारायला तेवढेही पुरतात. १९७० च्या दशकातल्या व्हॉल्व्ह-ट्रान्झिस्टर मिश्र ट्रान्सीव्हरमध्ये फायनल, म्हणजे अँटेनाला शक्ती देणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर ६०० ते ८०० व्होल्ट असतात, आणि मागे मोठे कंडेन्सर ती ऊर्जा धरून बसलेले असतात. सवयी लागायच्या आधी तिथे हात घालू नये.

हॅम मंडळी अशा अवजड सेटना लाडाने ‘बोट अँकर’ म्हणतात. त्यातली मोठी नावं कानावर येतीलच. नॅशनल कंपनीचा १९३५ सालचा एचआरओ: यात बँड बदलायला कॉइलचा अख्खा डबा समोरून ओढून काढायचा आणि दुसरा खुपसायचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रेडिओ-हेरगिरी केंद्रांवर हे रिसीव्हर रात्रंदिवस चालले. आरसीएचा एआर-८८: १४ व्हॉल्व्ह, वजन ४५ किलोच्या घरात, आवाज आणि स्थिरता आजही थक्क करणारी. लँकेस्टर बॉम्बरमधला आर-११५५. सीडर रॅपिड्सच्या कॉलिन्स कंपनीचा ७५ए-४. हे सगळे सुंदर आहेत आणि पहिल्या सेटसाठी सगळेच गैरसोयीचे. एआर-८८ एकट्याने उलटा करता येत नाही. एचआरओचे कॉइल-डबे हरवले असतील तर तो शोभेची पेटी आहे. आर-११५५ ला बहुधा आधीच्या मालकाने भोकं पाडून ठेवलेली असतात.

नवख्याने मध्यम आकाराचा, सहा ते दहा व्हॉल्व्हचा, मेन्स ट्रान्सफॉर्मर असलेला शॉर्टवेव्ह रिसीव्हर शोधावा. जपानी ट्रिओचा ९आर-५९डीएस चांगला: आठ व्हॉल्व्ह, ५५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ, खालून मोकळी वायरिंग. हीच ट्रिओ पुढे केनवुड झाली. बर्मिंगहॅमच्या एडिस्टोनचे बरेच रिसीव्हरही चांगले, त्यांची ट्यूनिंगची चक्री एकदा फिरवली की सोडवत नाही. आणि यातलं काहीच हाताला लागलं नाही, तर घरातल्या माळ्यावरचा ठाण्यात बनलेला मर्फी किंवा एखादा बुश, फिलिप्स काढा. त्यात बीएफओ हा एसएसबी ऐकायला लागणारा छोटा ऑसिलेटर नसतो, त्यामुळे हॅमचं एसएसबी (एकाच साइडबँडवरचं) बोलणं कळणार नाही. पण सर्किट त्याच सुपरहेटेरोडाइन (येणारा सिग्नल आधी एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणणाऱ्या) घराण्याचं आहे, आणि इथे शिकलेला प्रत्येक धडा पुढे कामाला येतो.

बाजारात व्हॉल्व्हचे नंबर वाचा

विकणाऱ्याला ‘आत ट्रान्सफॉर्मर आहे का’ असं विचारून उपयोग नाही. बऱ्याच सेटमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतोच, तो तेच दाखवतो. मागचं झाकण काढून व्हॉल्व्हचे नंबर वाचा.

युरोपीय व्हॉल्व्हचं नाव ई ने सुरू होत असेल, म्हणजे ईसीएच८१, ईएफ८९, ईएल८४, तर फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ६.३ व्होल्टचं, असा सेट बहुधा ट्रान्सफॉर्मरचा. नाव यू ने सुरू होत असेल, जसं यूसीएच४२, यूएल४१, तर फिलामेंट एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेली आणि ट्रान्सफॉर्मर नाही. अमेरिकन व्हॉल्व्हमध्ये पहिला आकडाच फिलामेंटचे व्होल्ट सांगतो. सगळे ६ ने सुरू होत असतील तर ठीक. १२, ३५, ५० असे आकडे दिसले तर बेरीज करा.

उदाहरण घ्या हॅलिक्राफ्टर्स एस-३८ चं. १९४६ साली आलेला हा छोटा रिसीव्हर रेमंड लोवी या नामवंत डिझायनरने आखलेला, दिसायला देखणा, अमेरिकेतल्या हजारो पोरांचा पहिला शॉर्टवेव्ह सेट. त्यातले व्हॉल्व्ह: १२एसए७, १२एसके७, दोन १२एसक्यू७, ३५एल६, ३५झेड५. चार वेळा १२ आणि दोन वेळा ३५, एकूण ११८. म्हणजे सगळी फिलामेंट थेट अमेरिकेतल्या मेन्सवर! अशा सेटला एसी-डीसी सेट म्हणतात, आणि त्यात मेन्सची एक वायर चॅसीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) किंवा चॅसीशी निगडित निगेटिव्ह लाइनला जोडलेली असते. प्लग उलटा लागला की चॅसी फेज. कॅबिनेट धातूचं, आणि ते चॅसीपासून वेगळं ठेवणारे रबर-फायबरचे वॉशर सत्तर-पंचाहत्तर वर्षांत वाळून चुरा झालेले.

एडिस्टोनची ८४० मालिकाही एसी-डीसीच आहे, तेव्हा ब्रिटिश नाव बघून निर्धास्त होऊ नका.

इथे आपल्याकडची एक वेगळी मेख आहे. ११७ व्होल्टचा अमेरिकन सेट चालवायला २३० ते ११० व्होल्टचा स्टेप-डाउन घ्यावा लागतो, आणि दुकानात मिळणारे बरेच स्टेप-डाउन हे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. त्यांत एकच वाइंडिंग असते. व्होल्ट कमी होतात पण मेन्सपासून सुटका होत नाही. एसी-डीसी सेटला दोन स्वतंत्र वाइंडिंग असलेला, म्हणजे आयसोलेशनचा स्टेप-डाउनच लागतो. गुंडाळून देणाऱ्याला स्पष्ट सांगा, आणि आणल्यावर मल्टिमीटरने इनपुट-आउटपुटमध्ये कंटिन्युइटी नाही ना, ते स्वतः तपासा. हे जमणार नसेल तर एसी-डीसी सेट घेऊच नका. मी नवख्याला तो कपाटात ठेवायलाही देत नाही, कारण पाहुण्यांपैकी कुणीतरी प्लग लावतोच.

कुठे मिळतात, आणि घेताना काय बघायचं

मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार. पण खरे चांगले सेट बाजारात कमी आणि घरांत जास्त असतात. दिवंगत हॅमला त्या वर्तुळात ‘सायलेंट की’ म्हणतात. त्याच्या मागे घरच्यांना त्या खोलीभर सामानाचं काय करावं कळत नाही, आणि भंगारवाला किलोच्या भावाने उचलून नेतो. गावातल्या हॅम क्लबात ओळख ठेवली तर अशी घरं कळतात. तिथे गेलात की भाव सरळ सांगा, काय काय मोलाचं आहे तेही सांगा, आणि त्यांच्या वह्या, कॉल साइनची पाटी, क्यूएसएल कार्डं (संपर्क झाल्याच्या पोचपावत्या) ‘ही तुम्ही ठेवा’ म्हणून परत द्या. परवान्याविना ट्रान्समीटर मात्र तिथूनही उचलू नका.

घेताना ‘चालू आहे’ या शब्दावर एक पैसाही जास्त देऊ नये. बघायचं ते हे: मागून वास घ्या. जळक्या वार्निशचा वास किंवा ट्रान्सफॉर्मरखाली गळून थिजलेलं काळं मेण दिसलं तर भाव अर्ध्याहून खाली आणा, नाहीतर सोडून द्या. ट्यूनिंग गँगच्या (स्टेशन लावणाऱ्या फिरत्या कंडेन्सरच्या) पाकळ्या वाकलेल्या नाहीत ना, पूर्ण फेरीत कुठे घासत नाहीत ना. डायलची काच शाबूत आहे का, कारण ती परत मिळत नाही. नॉब मूळचे आहेत का. बँड स्विच प्रत्येक जागी टक् करून थांबतो का. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या सेटमध्ये कॉइलच्या बारीक तारा हिरव्या पडून तुटलेल्या असतात. उंदरांनी संसार केला असेल तर चॅसी खाऊन गेलेली असते. वरून आलेला गंज चालतो. कॉइल तुटलेल्या असतील, तर पहिल्या सेटला ते दुखणं नको.

व्हॉल्व्ह नसले तर घाबरू नका. ईसीएच८१, ईएफ८९, ईएल८४ यांसारखे नेहमीचे व्हॉल्व्ह बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने वर्षानुवर्षं बनवले. बीईएलच्या खोक्यातले न वापरलेले नग जुन्या रेडिओ मेकॅनिकांकडे अजून निघतात.

टेबलावर काय हवं

मल्टिमीटर, १००० व्होल्ट डीसीपर्यंतचा. सोल्डरिंग आयर्न दोन: बारीक कामाला २५ वॉटचा, चॅसीला लागलेले जाड डाग सोडवायला ६० वॉट किंवा वरचा. सिरीज बोर्ड, म्हणजे फेजच्या वाटेत १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब. एलईडी इथे चालत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश. कंडेन्सर डिस्चार्ज करायला लांब इन्सुलेटेड दांडीच्या टोकाला काही किलो-ओहमचा, पाच-दहा वॉटचा रेझिस्टर, दुसऱ्या बाजूला मगर-चिमटा. स्क्रू-ड्रायव्हरने कंडेन्सर शॉर्ट करून ठिणगी काढायची मेकॅनिकी पद्धत सोडून द्या.

सुट्या भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली पुरते. ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर कंडेन्सर आणि ४५० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक मागा. काउंटरवरचा पोरगा ‘एवढ्या व्होल्टचं कशाला’ विचारेल, त्याला विचारू द्या.

सेट चालू असताना आत मोजायचं असेल तर काळी प्रोब मगर-चिमट्याने चॅसीला लावून ठेवायची आणि एकाच हाताने मोजायचं. दुसरा हात खिशात. पायात चप्पल, अंगठ्या आणि घड्याळ बाजूला, आणि घरात कुणीतरी हवं. रात्री सगळे झोपल्यावर एकट्याने हे काम करू नये.

काही गोष्टींना हात लावायचा नाही. युद्धकाळातल्या विमानी उपकरणांच्या मीटरवर चमकणारा रंग रेडियमचा असू शकतो. आता चमकत नसला तरी किरणोत्सर्ग तसाच असतो, म्हणून काच उघडू नका, रंग खरवडू नका. लष्करी चॅसीवरचा पिवळसर मुलामा कॅडमियमचा असू शकतो, त्यावर पॉलिश पेपर मारायचा नाही. जुन्या ट्रान्समीटरमधल्या तेलाच्या कंडेन्सरमध्ये पीसीबी हे विषारी तेल असू शकतं. गळत असेल तर हातमोजे घालून वेगळं बांधून ठेवा. सेलेनियम रेक्टिफायर जळला की धूर विषारी आणि वास असा की दोन दिवस खोलीत बसवत नाही. तो दिसला की काढून सिलिकॉन डायोड लावा. मात्र डायोड स्वतः फार कमी व्होल्ट खातो आणि पुढे जास्त व्होल्ट जातात, म्हणून सोबत सिरीज रेझिस्टर घालून मूळचे व्होल्ट जमवून घ्यावे लागतात.

फोटो, मॅन्युअल, साफसफाई

काहीही सोडवण्याआधी फोटो काढा. वरून, खालून, प्रत्येक कोपरा, आणि डायलच्या दोरीचा रस्ता तर तीन बाजूंनी. ती दोरी कुठल्या पुलीवरून किती वेढे घेते हे नंतर आठवत नाही. मग मॅन्युअल शोधा. बहुतेक नामांकित सेटची मॅन्युअलं हौशी लोकांनी स्कॅन करून फुकट ठेवलेली आहेत. ‘बामा’ या नावाने ओळखला जाणारा बोट अँकर मॅन्युअल संग्रह त्यासाठीच आहे. सर्किट मोठ्या कागदावर छापून घ्या आणि बदललेल्या प्रत्येक भागावर पेनाने खूण करा.

साफ करताना डायलच्या काचेवरची अक्षरं आतल्या बाजूने छापलेली असतात आणि ओल्या फडक्याने सरळ निघून येतात. तिथे फक्त कोरडा ब्रश, तोही हलक्या हाताने. व्हॉल्व्हवरचे नंबरही असेच पुसले जातात. काचेच्या व्हॉल्व्हमध्ये वर आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. चंदेरी असेल तर परत ठेवा. सगळे व्हॉल्व्ह बदलायचा उत्साह आवरा, दोष व्हॉल्व्हमध्ये सापडणं हे या सेटांमध्ये कमीच.

बँड स्विचच्या चाकत्यांवर क्लीनरचा फवारा मारायचा नाही. कानकोरणीच्या कापसावर थेंबभर घेऊन फक्त चांदीच्या कॉन्टॅक्टवर लावा. गँगच्या दांड्याला टेकणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या साफ केल्या की ट्यूनिंग करतानाची निम्मी खरखर तिथेच थांबते.

आणि आयएफ (त्या मधल्या ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या) ट्रान्सफॉर्मरच्या डब्यांवरचे स्क्रू? दिसले तरी फिरवायचे नाहीत. जुन्या सेटचं सर्वांत मोठं वाटोळं गंजाने नाही, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतलेल्या उत्साही माणसाने केलेलं असतं.

प्लगशिवाय मोजमाप

आता थंड सेटवर ओहम मोजा. मेन्स ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी अखंड आहे का. सेकंडरीचे दोन्ही अर्धे जवळपास सारखे आहेत का. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी काही शे ओहम दाखवायला हवी. ती तुटलेली असणं हा फार नेहमीचा दोष. मुख्य एचटी (उच्च दाबाच्या डीसीची) लाइन आणि चॅसीमध्ये मोजा: कंडेन्सर चार्ज होईल तसा आकडा वर सरकतो आणि काही दहा किलो-ओहमच्या पुढे स्थिरावतो. काही शे ओहमवर अडकला, तर शॉर्ट शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग रेझिस्टर. जुने कार्बनचे रेझिस्टर वय झालं की बहुधा वर सरकतात. एक बाजू सोडवून मोजा आणि लिहिलेल्या किमतीपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त हललेले तेवढेच बदला.

कंडेन्सर: खरी शस्त्रक्रिया

इथे वेळ द्या. एका बसणीत दोन-तीन भाग बदलायचे, प्रत्येक वेळी फोटोशी ताडून बघायचं. एकदम दहा काढून ठेवले की अकरावा कुठला, हा प्रश्न पडतो.

पहिला नंबर आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (सिग्नल घेणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या कपलिंग कंडेन्सरचा, बहुधा ०.०१ मायक्रोफॅरडचा. तो गळत असेल तर ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्ट येतात, व्हॉल्व्ह भलताच करंट ओढतो आणि स्वतःसोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही नेतो. दहा रुपयांच्या भागापायी सेटमधले दोन सर्वांत महाग भाग जातात, म्हणून याबाबत ‘चालतोय ना, राहू दे’ हा विचार नको.

मग पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक. जुना डबा चॅसीवर दिसायला तसाच राहू द्या, पण त्याच्या तारा सोडवून नवे कंडेन्सर खाली टॅग-स्ट्रिपवर लावा. जुन्याला नवा समांतर जोडायचा नाही. जुना पुढे शॉर्ट झाला की नवाही गेला. मूळ ८ असेल तर १०, १६ असेल तर २२. ‘मोठा लावला की हम कमी’ म्हणून १०० लावू नका, कारण रेक्टिफायर व्हॉल्व्हला चालू होतानाचा तो झटका सोसत नाही. थोडा हम राहणारच.

त्यानंतर उरलेले सगळे मेणकागदी कंडेन्सर: ०.०५ ऐवजी ०.०४७, ०.१ ला ०.१. एव्हीसी (आवाज आपोआप सांभाळणाऱ्या) लाइनवरचा विसरू नका, तो गळला तर एव्हीसी नीट चालत नाही. मायकाचे आणि सिरॅमिकचे भाग सहसा ठीक असतात, ते तसेच ठेवा. मेन्सच्या वायरीपासून चॅसीला जाणारा कंडेन्सर असेल तर तिथे वाय-२ वर्गाचाच घाला, साधा चालणार नाही. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला तीन पिनची नवी वायर, चॅसीला अर्थ आणि फेजमध्ये फ्यूज. वर्ल्ड वॉरच्या सेटमध्ये रबरी वायरिंग असेल तर ती बोट लागताच तुकडे होऊन पडते. मग वायरीही बदलाव्या लागतात, आणि तो वेगळाच एक पावसाळा आहे.

काही संग्राहक जुन्या कंडेन्सरची पुठ्ठ्याची नळी पोकळ करून आत नवा बसवतात, म्हणजे खालून बघतानाही सेट मूळचाच दिसावा. एचआरओसाठी ते मी समजू शकतो. ट्रिओच्या पोटात कोण बघणार आहे? वेळ सर्किट समजण्यात घालवा. मात्र कॅबिनेटला नवं भोक पाडायचं नाही, आणि मूळचा रंग सत्तर टक्केही शिल्लक असेल तर फवाऱ्याचा नवा रंग मारायचा नाही.

आता प्लग

ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेज टॅप असतील तर २४० वर लावा. स्पीकर जोडलेला हवा. स्पीकरविना आउटपुट स्टेज चालवू नये. सिरीज बोर्डातून सेट चालू करा. बल्ब क्षणभर लख्ख पेटेल, फिलामेंट तापतील तसा मंद होईल, आणि रेक्टिफायर चालू झाला की किंचित परत उजळून स्थिर होईल. लख्खच राहिला, तर लगेच बंद. शॉर्ट अजून आत आहे, आणि बल्बने तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचवला.

पाच-दहा मिनिटं सगळं शांत असेल तर बोर्ड काढून थेट मेन्स. आता मोजा. एचटी मॅन्युअलच्या आसपास आहे का? आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर शून्य व्होल्ट आहेत का? अर्धा-एक व्होल्ट पॉझिटिव्ह दिसला तरी थांबा: नवा कपलिंग कंडेन्सर नीट आहे की व्हॉल्व्हच ग्रिड करंट काढतोय, ते आधी ठरवा. ईएल८४ असेल तर कॅथोडवर ७ व्होल्टच्या आसपास हवेत. ते व्होल्ट भागिले कॅथोडचा रेझिस्टर, की करंट कळला.

सेट मुका असेल तर स्पीकरकडून अँटेनाकडे तपासत जा. व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकाला इन्सुलेटेड स्क्रू-ड्रायव्हरचं पातं टेकवलं आणि गुर्र आवाज आला, तर ऑडिओ जिवंत आहे. मग आयएफ, मग मिक्सर, असं एकेक घर मागे. कुठल्या घरात दिवा नाही ते लवकर सापडतं. ४०-५० च्या दशकातल्या काही अमेरिकन आयएफ डब्यांत तळाशी मायकाचे कंडेन्सर असतात. त्यातली चांदी सरकली की वीज कडाडल्यासारखा आवाज येत राहतो. अँटेना काढूनही तो थांबला नाही, तर संशय तिथे घ्या.

अलाइनमेंट (ट्यूनिंगच्या सर्किटांची जुळवणी) गरज असेल तरच करा. सेट जोमाने ऐकू येत असेल आणि डायल खरं सांगत असेल, तर कुणीतरी पूर्वी नीट केलेलं काम बिघडवू नका. करायची झालीच तर आधी आयएफ, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या आकड्यावर: अमेरिकन-जपानी सेटमध्ये बहुधा ४५५ किलोहर्ट्झ, ब्रिटिश सेटमध्ये वेगळा असू शकतो. धातूचं टोक चालत नाही. प्लास्टिकची विणकामाची सुई घासून पातं केलं तरी पुरतं. मग प्रत्येक बँडच्या खालच्या टोकाला कॉइल, वरच्या टोकाला ट्रिमर, पुन्हा खाली, पुन्हा वर, दोन्ही जमेपर्यंत. सर्वांत वरच्या शॉर्टवेव्ह बँडवर ट्रिमर फिरवताना आवाज दोन जागी चढतो; त्यातला एक इमेजचा, म्हणजे खोट्या फ्रिक्वेन्सीचा आहे. कोणता खरा ते मॅन्युअल सांगतं, कानाला दोन्ही सारखेच वाटतात.

मिडियम वेव्हवर डायल ताडायला आकाशवाणी आहे: मुंबईचं ५५८ आणि १०४४, पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ, यातलं जे तुमच्याकडे येतं ते. शॉर्टवेव्हवर चीनचं बीपीएम हे वेळेचं केंद्र ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर सेकंदांचे ठोके देतं. १० मेगाहर्ट्झच्या खुणेवर ते मिळालं की डायल खरी.

ऐकायचं कसं

नवखे इथे हिरमुसतात. सेट चालतो, आकाशवाणी लागते, पण हॅम बँडवर फक्त बदकांची क्वॅक-क्वॅक. सेट बिघडलेला नाही, तुम्ही एएमसारखं ऐकताय. अर्धा तास सेट तापू द्या, नाहीतर स्टेशन सरकत राहील. अँटेना म्हणून दहा-पंधरा मीटर तार गच्चीकडे न्या. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर एकेक बंद करून बघा. आजच्या शहरात गोंगाट सेटमधून नाही, भिंतीतल्या प्लगमधून येतो. मग बीएफओ चालू, एव्हीसी बंद, ऑडिओचा नॉब बराच वर आणि आरएफ गेन (अँटेनाकडच्या सिग्नलची वाढ) अगदी खाली. आता ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये केसभर केसभर फिरवा. आरएफ गेन जितका खाली, तितका आवाज माणसासारखा. एका जागी ती क्वॅक-क्वॅक अचानक मराठी, तमिळ, हिंदी बोलायला लागते.

याच पट्ट्यात १९४२ साली मुंबईतून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ बोलत होता. त्याची तरंगलांबी ४२.३४ मीटर, हिशेब केला तर साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी परवाने रद्द केले होते, आणि नोव्हेंबरात हे केंद्र पकडलं गेलं, तोवर जागा बदलत बदलत ते चालत राहिलं. त्या काळच्या सेटवर डायलची सुई तिथे आणून बघायला काहीच हरकत नाही.

ठेवायचा कसा, आणि दुसरा सेट

महिन्यातून एकदा तासभर चालवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा. सेटची स्वतःची उष्णताच ओल घालवते. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत पाणी धरतं. सुती चादर बरी. ढग गडगडले की अँटेनाची तार सेटपासून काढून खिडकीबाहेर टाका, नुसता स्विच बंद करून भागत नाही. कॅबिनेटच्या आत एक कागद चिकटवा: काय बदललं, कधी, कोणता भाग संशयास्पद वाटतो. एसी-डीसी सेट असेल तर त्यावर लाल अक्षरांत ‘चॅसी जिवंत’ असं लिहा. पुढच्या मालकाला तेवढंच वाचून पुरेल.

परवाना आला आणि ट्रान्सीव्हरकडे मन वळलं, तर याएसूचा एफटी-१०१ सगळीकडे दिसतो. पहिल्या आवृत्त्यांमध्ये ६जेएस६ हे टीव्हीसाठी बनवलेले फायनल व्हॉल्व्ह आहेत. आता ते दुर्मीळ आणि महाग झाले आहेत. पुढचा एफटी-१०१झेडडी ६१४६बी वर चालतो, तो घेतलेला बरा. फायनल बदलले की न्यूट्रलायझेशन (व्हॉल्व्ह आपोआप ऑसिलेट होऊ नये म्हणूनची जुळवणी) पुन्हा करावं लागतं, आणि पहिले काही प्रयोग अँटेनावर नाही, डमी लोडवर (अँटेनाऐवजीच्या रेझिस्टरवर) करायचे. ते कुणा अनुभवी हॅमच्या टेबलावर, त्याच्या शेजारी बसून करा.